बावन्न

स्टेडियमच्या पोटात, तिकिटांच्या खिडक्यांखाली दोन मजले,
माझी सहा मशीन्स.
शनिवारी रात्री वरचा लाऊडस्पीकर गप्प होतो
आणि ढकलगाड्या खाली येतात:
एकशे पाच जर्सी, एकशे पाच विजारी,
मोज्यांचा हिशेब कोण ठेवतो.

एकोणीस वर्षं झाली. मी अर्नेस्टीन गिड्री.
गवताला व्हिनेगर, रक्ताला गार पाणी.
गरम पाण्यानं रक्त मुरतं,
हे नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते.
तासाला साडेअकरा डॉलर मिळतात मला,
सामना लांबला तर वरचे तास दीडपट.
म्हणजे बघा,
रक्त काढायचे पैसे आहेत.
सांडायचे नाहीत.

नाहीत कसे, म्हणतात वरचे लोक,
शिक्षण फुकट, खोली फुकट, जेवण फुकट.
खरंय. जेवण पाहिलंय मी.
एका साली नियम होता: न्याहारीला पाव चालेल,
पावावर लोणी चालणार नाही.
लोणी लावलं की तो मोबदला,
आणि मोबदला घेतला की पोरगा बाद.
मग लोणी जातं कुठे, हे विचारायला
मी कधी वर गेले नाही.
प्रशिक्षकाच्या घराला तळं आहे, तळ्यात होडी आहे,
एवढं मात्र अख्ख्या गावाला रस्त्यावरून दिसतं.

बावन्न नंबर ताव्हियन ब्रूसार्डचा.
पुढच्या ओळीतला गडी. अंगावर घ्यायचं, बस.
चेंडू त्याच्या हाती कधी आला नाही.
टीव्हीवाल्यांनी त्याचं नाव एकदाच घेतलं, तेही चुकीचं,
गुडघा उलटा वळला त्या शनिवारी.
डॉक्टरांनी विजार कापून काढली होती.
मी दोन्ही तुकडे धुतले.
सवय, दुसरं काय.

शिष्यवृत्ती वर्षावर असते, दरसाल नवी सही.
जूनमध्ये कागद आला, सहीशिवायचा.
भाषा सभ्य होती म्हणाला,
आभार दोनदा मानले होते.
ऑगस्टात बावन्न टेक्सासहून आलेल्या पोराला गेला.
त्याचे खांदे मोठे. शिवण मीच उसवून दिली.

वर दुकानात बावन्न टांगलेला असतो, नव्वद डॉलर.
पाठीवर नाव नाही, नुसता आकडा.
नाव छापलं तर कुणाचं तरी देणं लागतं.
आकड्याला कुठली आई?
त्याची आई मोटेलात चादरी बदलते.
नव्वद मोजून तिनं तो विकत घेतला,
माझ्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्या डोळ्यांदेखत.
पावती पाकिटात जपून ठेवली.
परत करण्यासाठी नव्हे.

नोव्हेंबरात तो आला, मागच्या दारानं,
एक पाय जरा उशिरा टाकत.
मला वाटलं, जर्सी मागेल.
वहीत काय लिहायचं तेही ठरवून टाकलं मी:
धुण्यात फाटली, नग एक.
पण त्यानं पिशवीतून निळा शर्ट काढला,
टायरच्या गोदामातला, बाह्यांना ग्रीस.
“घरच्या मशीनला निघत नाही, मिस अर्नेस्टीन.”

छातीवर लाल दोऱ्यानं शिवलेलं: ताव्हियन.
तीन वर्षं त्याचं धुतलं मी,
नाव बोटांना लागलं ते आज.

साबण घालताना खिसा तपासायचा राहिला.
पगाराची चिठ्ठी निघाली, लगदा होत आलेली.
ड्रायरवर पसरून वाळवली.
रक्कम पुसली होती. तास वाचता येत होते:
एकेचाळीस.
चाळिसाच्या वरचा एक, दीडपट धरलेला.

घडी करून ती खिशात परत ठेवली
आणि बटण लावलं.